टेम्पोच्या धडकेत घरचा कर्ता गेला. विमा कंपनीचे पाच लाख घ्यावेत की दावा लावावा?

गावकुस

एका कुटुंबासाठी विचारतो आहे. त्यांना स्वतःला इथे लिहिणे जमणार नाही.

३४ वर्षांचा माणूस मोटारसायकलवरून जात होता. समोरून आलेल्या टेम्पोने धडक दिली. तिसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयात मृत्यू झाला. अपघाताला साडेतीन महिने झाले. दुसऱ्याच दिवशी टेम्पोचालकावर गुन्हा दाखल झाला. टेम्पोचा विमा चालू आहे. मोटारसायकल भावाच्या नावावर आहे.

मागे पत्नी, ७ आणि ४ वर्षांची दोन मुले, आई आणि वडील आहेत. वडिलांच्या नावावर थोडी शेती आहे. तो तारतंत्री (वायरमन) होता, स्वतःची कामे घ्यायचा. शेवटची दोन वर्षे आयकर विवरणपत्र भरले आहे, दोन्ही वर्षी २,४०,००० उत्पन्न दाखवले आहे. घरचे म्हणतात की प्रत्यक्ष कमाई जास्त होती, पण बरीचशी रोखीत.

विमा कंपनीकडून आलो असे सांगणारा एक माणूस घरी येऊन गेला. "चूक कोणाची हे बघायचेच नाही, पाच लाख लगेच मिळतील, कोर्टात गेलात तर दहा वर्षे जातील" असे त्याचे म्हणणे. वडील सही करायला तयार आहेत, पत्नीचे मन होत नाही. काय करावे? दावा करायचा तर तो अपघात झाला त्याच जिल्ह्यात करावा लागतो का? तो जिल्हा शेजारचा आहे, दर तारखेला तिकडे जाणे त्यांना झेपणार नाही.

---

काळाकोट

आधी सही थांबवा, बाकी सगळे नंतर.

पाच लाखांची गोष्ट खोटी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख मिळतात आणि त्यासाठी कोणाची हयगय होती हे सिद्ध करावे लागत नाही. तो माणूस पुढचे सांगत नाही ते असे: कलम १४९ च्या पद्धतीने, म्हणजे विमा कंपनीशी तडजोड करून, कलम १६४ ची भरपाई स्वीकारली की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढचा दावा संपुष्टात येतो. समोरच्याची हयगय दाखवून पूर्ण भरपाई मागायचा दावा कलम १६६ खाली असतो, त्याच्या परंतुकातच तसे लिहिले आहे. म्हणजे ही पूर्ण आणि शेवटची रक्कम आहे, उचल नव्हे. २०२२ पूर्वी कलम १४० खाली ५०,००० रुपये अंतरिम मिळायचे आणि मूळ दावा चालू राहायचा. जुन्या लोकांच्या डोक्यात ते अजून बसले आहे, म्हणून "आधी हे घेऊ, मग बघू" असा सल्ला दिला जातो. आता तसे नाही.

कलम १६४ उपयोगाचे कधी? मृताचीच चूक दिसत असेल किंवा समोरच्याची हयगय दाखवायला काहीच नसेल तेव्हा. इथे टेम्पोचालकावर गुन्हा आहे, मृताचे वय कमी आहे, पाच माणसे मागे आहेत. इथे कलम १६६ चाच दावा.

मुदतीचे नीट ऐका. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६(३) प्रमाणे अपघाताच्या तारखेपासून ६ महिन्यांत दावा दाखल करायचा असतो. मृत्यूच्या तारखेपासून नाही, अपघाताच्या. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे आणि मुदत संपली या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणी बसू नये. यांच्या हातात अडीच महिने आहेत, तेवढे पुरतात. शिवाय व्याज दावा दाखल झालेल्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे उशीर म्हणजे रोकड नुकसान.

शेजारच्या जिल्ह्यात जायची गरज नाही. अपघात झाला तिथे, अर्जदार राहतात तिथे किंवा सामनेवाला राहतो तिथे, यांपैकी कुठल्याही न्यायाधिकरणात दावा चालतो. आपल्या जिल्ह्यातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावा. राहण्याचा पुरावा म्हणून रेशन कार्ड आणि आधार पुरते.

पाचही जण अर्जदार करा. मुले अज्ञान आहेत, त्यांच्या वतीने आई अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ती) म्हणून. कोणी यायला तयार नसेल तर त्याला सामनेवाला म्हणून तरी घ्यावेच लागते, वगळता येत नाही. वारस दाखला काढायला धावू नका, या दाव्याला तो लागत नाही. सामनेवाले म्हणून टेम्पोचा नोंदणीकृत मालक आणि विमा कंपनी. चालकालाही घ्या, पुढे कोणी हरकत काढायला नको. मालकाने टेम्पो विकला असेल पण आरसी बुकावर नाव तेच असेल, तर कायद्याने जबाबदार तोच. नवीन कब्जेदाराच्या, म्हणजे प्रत्यक्ष ताबा असलेल्याच्या मागे फिरत बसू नका.

मोटारसायकल भावाच्या नावावर आहे म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. तिच्या पॉलिसीतला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा गाडीचा मालक स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडे परवाना असेल तरच मिळतो. इथे तो मिळणे अवघड आहे. आशा लावून ठेवू नका.

---

पंचनामा

काळाकोट यांनी कायद्याचे सांगितले, मी कागदांचे सांगतो. असे दावे युक्तिवादात कमी आणि पहिल्या आठवड्यातल्या कागदांत जास्त बुडतात.

पोलीस ठाण्यातून नकला मागा: फिर्याद, घटनास्थळ पंचनामा आणि सोबतचा कच्चा नकाशा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, दोन्ही गाड्यांचा आरटीओ तपासणी अहवाल, साक्षीदारांचे जबाब, टेम्पोचे आरसी, विमा, फिटनेस, परमिट, चालकाचा परवाना. दोषारोपपत्र दाखल झाले असेल तर फौजदारी कोर्टातून त्याची प्रमाणित नक्कल घ्या, एकाच गठ्ठ्यात बहुतेक सगळे येते. विम्याची खात्री वाहन क्रमांक टाकून एम-परिवहन अॅपवर करता येते. कंपनीचे नाव आणि विमा कधीपर्यंत आहे ते तिथे दिसते. अपघाताची तारीख त्या मुदतीत बसते ना ते बघा. अपघातानंतर दोन तासांनी काढलेली पॉलिसी काही कामाची नसते, म्हणून पॉलिसीवरची वेळसुद्धा वाचा.

२०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. साडेतीन महिने झालेत, म्हणजे सविस्तर अहवाल गेलेला असायला हवा. तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा आणि पोच घ्या. तो अहवालच दावा अर्ज म्हणून धरता येतो, तरी तेवढ्यावर राहू नका. त्यात उत्पन्नाचे रकाने कोरे किंवा "मजुरी" एवढेच लिहून सोडलेले असतात. स्वतंत्र अर्ज दाखल करा आणि अहवाल आला असेल तर दोन्ही एकत्र चालवावेत अशी विनंती करा.

आता कुठे फसते ते. तिसऱ्या दिवशी मृत्यू झाला म्हणजे पहिल्या दिवशी रुग्णालयात मेडिको-लीगल नोंद झाली असणार. त्या नोंदीत अपघात कसा झाला असे लिहिले आहे? "दुचाकी घसरून पडला" असे असेल तर विमा कंपनी त्या एका ओळीवर संपूर्ण दावा लढते: टेम्पोचा संबंधच नाही, वाहन नंतर घुसवले. ही नोंद बहुधा जखमीला उचलून आणणाऱ्याने घाईत सांगितलेली असते, त्याने अपघात पाहिलेलाही नसतो. तसे असेल तर त्याच माणसाला साक्षीला आणा, किंवा त्या वेळी ड्युटीवर असलेल्या डॉक्टरांना बोलावून ही माहिती कोणी दिली ते रेकॉर्डवर घ्या. गुन्हा दुसऱ्या दिवशीच दाखल झाला आणि त्यात टेम्पोचा नंबर आहे, ही जमेची बाजू. "अज्ञात वाहन" म्हणून फिर्याद झाली आणि महिन्याने नंबर आला की खरी डोकेदुखी सुरू होते.

घटनास्थळ पंचनाम्यात रस्त्याची रुंदी, गाड्या कोणत्या बाजूला पडल्या, ब्रेकच्या खुणा, काचांचा चुरा कुठे, हे बघा. समोरासमोरच्या धडकेत मोटारसायकल मध्यरेषेच्या पलीकडे, टेम्पोच्या बाजूला पडलेली असेल तर अंशदायी हयगय (अपघातात मृताचाही वाटा) म्हणून काही टक्के कापले जायची भीती असते. पण जोराच्या धडकेने गाडी फरफटत जाते. म्हणून चुरा आणि तेलाचा डाग कुठे आहे ते गाडीच्या जागेपेक्षा जास्त बोलते. टेम्पोची कोणती बाजू चेपली ते आरटीओ अहवालात असते. हे तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचा.

शवविच्छेदन अहवालात मृत्यूचे कारण अपघातातल्या जखमांशी जोडलेले आहे का? "व्हिसेरा (अवयवांचे नमुने) राखून ठेवला" असे लिहिले असेल तर अंतिम मत मिळवा. अर्धवट मतावर दावा चालवू नये.

हे वाचणाऱ्या इतर कोणासाठी: वाहन शेवटपर्यंत सापडलेच नाही तर कलम १६१ खाली मृत्यूसाठी २ लाख मिळतात. तो अर्ज न्यायाधिकरणात करायचा नसतो, उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार पातळीच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा. ते चौकशी करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतात. पुढे वाहन सापडून पूर्ण भरपाई मिळाली तर हे २ लाख त्यातून वळते होतात.

---

हिशेबवही

पाच लाखांशी तुलना करायची तर समोर आकडा हवा. तो कोणालाही काढता येतो, पद्धत सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिली आहे: २००९ चा सरला वर्मा निकाल आणि ऑक्टोबर २०१७ चा प्रणय सेठी निकाल.

वार्षिक उत्पन्न २,४०,०००. यातून आयकर वजा करायचा असतो, इथे कर बसत नाही. त्यात भविष्यातील वाढ मिळवायची. स्वयंरोजगार किंवा ठरावीक पगार असलेल्यासाठी ४० च्या आत ४० टक्के, ४० ते ५० मध्ये २५, ५० ते ६० मध्ये १०. (कायम नोकरीवाल्यांसाठी हेच आकडे ५०, ३० आणि १५.) म्हणजे ३,३६,०००.

यातून मृताने स्वतःवर केला असता तो खर्च वजा. विवाहित असेल आणि अवलंबून असणारे २-३ असतील तर एक तृतीयांश, ४ ते ६ असतील तर एक चतुर्थांश, त्याहून जास्त असतील तर एक पंचमांश. अविवाहित असेल तर साधारणपणे निम्मे. इथे विमा कंपनी म्हणेल की वडिलांना शेतीचे उत्पन्न आहे, ते अवलंबून नाहीत. म्हणू द्या. वडील सोडले तरी पत्नी, दोन मुले आणि आई मिळून चार होतात, एक चतुर्थांशच कापले जाते. राहिले २,५२,०००.

याला वयाचा गुणक. ३१ ते ३५ साठी १६. (२६ ते ३० ला १७, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४, ४६ ते ५० ला १३, पुढे ११, ९, ७ असा उतरतो.) गुणक मृताच्या वयावर ठरतो, अविवाहित मृताच्या बाबतीतसुद्धा आईवडिलांच्या वयावर नाही. २,५२,००० × १६ = ४०,३२,०००.

वर ठरावीक रकमा. २०१७ मध्ये साहचर्य हानीचे (जवळच्या माणसाची सोबत गमावल्याचे) ४०,००० आणि संपत्तीहानी व अंत्यविधीचे प्रत्येकी १५,००० ठरले, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ. २०२३ च्या वाढीनंतर ते ४८,४०० आणि १८,१५० झाले. साहचर्य फक्त पत्नीचे नसते. मुलांना आईवडिलांचे आणि आईवडिलांना मुलाचे असे प्रत्येकाला वेगळे मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या मॅग्मा निकालापासून पक्के आहे. पाच जण म्हणजे २,४२,०००. संपत्तीहानी आणि अंत्यविधी मिळून ३६,३००.

एकूण ४३,१०,३००. तीन दिवसांच्या उपचारांची बिले असतील तर ती वेगळी. वर व्याज. न्यायाधिकरणे साधारण ६ ते ९ टक्के देतात. ७ धरले तरी वर्षाचे तीन लाखांच्या वर होते, म्हणजे दावा एक महिना उशिरा लावला की पंचवीसेक हजार गेले.

आता याची उलटी बाजू. उत्पन्न सिद्ध झाले नाही आणि न्यायाधिकरणाने मजूर धरून महिना १२,००० मानले तर हाच हिशेब असा: १,४४,००० → २,०१,६०० → १,५१,२०० × १६ = २४,१९,२००. फरक १६ लाखांहून जास्त. म्हणून पुराव्याला जपायचे.

विवरणपत्रे मृत्यूपूर्वी भरलेली आहेत, हा फार मोठा आधार आहे. प्रत्यक्ष कमाई जास्त होती हे मांडायचे असेल तर बँक खात्याचा उतारा, यूपीआयने आलेले पैसे, कंत्राटदारांकडची देयके, तारतंत्रीचा परवाना, साहित्य खरेदीची बिले हे सगळे लावा. मात्र चालू वर्षाचे विवरणपत्र आता वारसाने भरताना त्यात अचानक ५ लाख दाखवू नका. मृत्यूनंतर भरलेल्या विवरणपत्राकडे न्यायाधिकरण संशयाने बघते आणि त्याचा डाग आधीच्या चांगल्या दोन विवरणपत्रांनाही लागतो.

कंत्राटदाराने "महिना ३०,००० देत होतो" असा दाखला लिहून दिला आणि तो साक्षीला आला नाही, तर तो कागद पुराव्यात धरला जात नाही. जो दाखला देईल त्याने हजर राहायची तयारी ठेवावी, शक्य तर हजेरीपट किंवा देयकाच्या नोंदी घेऊन.

वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला लावा. आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे. ३४ आणि ३६ मधल्या फरकाने गुणक एकाने उतरतो, इथे त्याची किंमत अडीच लाख आहे.

---

गावकुस

सगळ्यांचे मनापासून आभार. सही थांबवली आहे. मेडिको-लीगल नोंद काढून घेतली, त्यात "टेम्पोची धडक" असेच आहे.

काही नवे प्रश्न. मृताने हेल्मेट घातले नव्हते, त्यामुळे भरपाई कापली जाते का? टेम्पोचालकाकडे फक्त हलक्या वाहनाचा परवाना आहे, त्यामुळे विमा कंपनी हात वर करेल असे कोणी सांगितले. पत्नी फक्त २९ वर्षांची आहे. पुढे तिने दुसरे लग्न केले तर तिचा हक्क जातो, असे सासरचे एक नातेवाईक म्हणतात. आणि एका वकिलांनी मिळणाऱ्या रकमेच्या २० टक्के फी सांगितली आहे, ते योग्य आहे का?

---

काळाकोट

हेल्मेट. अंशदायी हयगय म्हणजे अपघात घडण्यात मृताचाही वाटा. हेल्मेट नसल्याने अपघात घडत नाही. नियमभंग झाला एवढ्यावरून हयगय ठरत नाही, त्याचा अपघाताशी किंवा इजेशी कार्यकारण संबंध दाखवावा लागतो. २०२० मध्ये दुचाकीवर तिघे बसल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. पण मृत्यू डोक्याच्या मारानेच झाला असेल तर विमा कंपनी हा मुद्दा लावून धरते आणि काही न्यायाधिकरणे १०-२० टक्के कापतात. २० टक्के कापले तर वरच्या आकड्यातून ८,६२,०६० गेले, म्हणजे ही किरकोळ बाब नाही. शवविच्छेदन अहवालात छाती-पोटाच्याही गंभीर जखमा आहेत का ते वाचा. असतील तर डॉक्टरांच्या साक्षीतून ते पुढे आणा. डोक्याची जखम चेहऱ्यावर किंवा जबड्यावर असेल तर तेही सांगण्यासारखे आहे.

परवाना. टेम्पोचे एकूण वजन आरसीवर बघा. ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले. वजन त्याहून जास्त निघाले किंवा परवाना बनावट निघाला, तरी त्रयस्थाच्या दाव्यात कंपनीने आधी रक्कम भरावी आणि मग मालकाकडून वसूल करावी असा हुकूम होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वरणसिंग निकालापासून ही वाट आहे. अर्जातच ही पर्यायी मागणी लिहा, विसरू नका.

पुराव्याच्या वेळचे थोडे. पत्नीचे प्रतिज्ञापत्र हीच सरतपासणी, म्हणजे आपल्या बाजूने दिलेली साक्ष असते. उलटतपासणीत पहिला प्रश्न येईल, "तुम्ही अपघात पाहिला का?" उत्तर "नाही" असेच द्यायचे. न पाहिलेले पाहिले म्हणून सांगितले की पुढची सगळी साक्ष ढासळते. अपघात कसा झाला ते पोलीस कागदांतून आणि साक्षीदारातून येते. साक्षीदार असा आणा ज्याचा जबाब दोषारोपपत्रात आहे; दोन वर्षांनी पहिल्यांदाच उगवलेल्या प्रत्यक्षदर्शीवर कोणी विश्वास ठेवत नाही. दुसरा नेहमीचा प्रश्न, "तुमचे पती महिना किती देत होते?" इथे अर्जातला आकडा आणि तोंडचा आकडा जुळला पाहिजे. अर्जात २०,००० आणि साक्षीत ४०,००० असे झाले की दोन्ही जातात.

टेम्पोचालक फौजदारी खटल्यातून सुटला तरी दावा मरत नाही. तिथे संशयातीत पुरावा लागतो, इथे शक्यतेचे पारडे कुठे झुकते एवढेच बघतात. मात्र "आमची काही तक्रार नाही, आपसात मिटले" असे स्टॅम्प पेपरवर मालकाला लिहून देऊ नका. पंधरा-वीस हजारांसाठी दिलेला तो कागद दाव्यात विमा कंपनीच्या वकिलाच्या हातात दिसतो.

दुसरे लग्न. हक्क जात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तसे स्पष्ट केले आहे. भरपाईचा हक्क मृत्यूच्या दिवशी उभा राहतो. विधवेने आयुष्यभर एकटे राहावे अशी अट कायद्यात नाही आणि ती तिच्यावर लादूही नये.

---

सोबतीण

फीचे उत्तर मी देते, कारण इथे बायका सर्वांत जास्त फसतात.

रकमेच्या टक्केवारीवर फी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. ठरावीक रक्कम ठरवा, टप्प्याटप्प्याने द्या, पावती घ्या. कोऱ्या धनादेशावर, पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपवर सही करून देऊ नये, कितीही ओळखीचा वकील असला तरी. बँक खाते पत्नीच्या एकटीच्या नावाचे असावे, पासबुक आणि एटीएम कार्ड तिच्याकडे. मोबाईल नंबरही तिचाच जोडलेला हवा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असते, तालुक्याला समिती असते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट नाही, मोफत वकील मिळतो. अर्ज साधा असतो, सोबत ओळखपत्र आणि प्रकरणाचे कागद. काम नीट होत नसेल तर वकील बदलून मागता येतो, तेही लेखी.

वाटणीबद्दल आताच घरात बोलून घ्या. न्यायाधिकरण हुकुमातच कोणाला किती ते ठरवते. बहुधा पत्नी आणि मुलांना मोठा हिस्सा, आईवडिलांना लहान. तुम्ही विचारलेले नाही, पण सासू-सुनेत बिनसले की दोन वेगळे वकील, दोन वेगळे अर्ज आणि विमा कंपनीला वेळकाढूपणाचे निमित्त, असे होते. अर्ज एकच करा. वाटणीबद्दल मतभेद असेल तर तो शेवटच्या टप्प्यात पुरसीस (न्यायाधिकरणाला दिलेले लेखी निवेदन) देऊन मांडता येतो, त्यासाठी दाव्याचा आकडा पाडून घेऊ नका.

मुलांचा हिस्सा ती सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जातो, त्यावर कर्ज मिळत नाही आणि मुदतीआधी मोडता येत नाही. तिमाही व्याज आईच्या खात्यात जमा व्हावे अशी विनंती आधीच करा. पत्नीच्या हिश्श्याचाही काही भाग ठेवीत टाकतात. शाळेची फी, घराची दुरुस्ती, आजारपण अशी गरज असेल तर कागद जोडून न्यायाधिकरणाकडे अर्ज केला की रक्कम मोकळी करून मिळते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की सुशिक्षित-अशिक्षित न बघता सरसकट पैसे अडकवून ठेवू नयेत. त्यामुळे अर्ज करायला संकोच नको.

दाव्याबाहेरचेही बघा, कारण हुकूम येईपर्यंत घर चालायला हवे. मृताच्या पासबुकात मे-जूनच्या सुमारास २० रुपयांची कपात दिसते का? ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची. अपघाती मृत्यूला २ लाख. ४३६ रुपयांची कपात असेल तर ती जीवन ज्योती योजना, तिचे आणखी २ लाख. बँकेत लगेच दावा अर्ज द्या, झालेल्या उशिराचे कारण लिहून. वडील सातबाराधारक आहेत म्हणजे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनाही बघायला हवी. खातेदाराच्या कुटुंबातला एक सदस्य त्यात बसतो, मृत्यूला २ लाख. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा असतो, इथे ते दिवस उलटले आहेत, तरी उद्याच जाऊन लेखी अर्ज द्या आणि उत्तर लेखी मागा. आयुर्विमा किंवा भविष्य निर्वाह निधीचे पैसे मिळाले म्हणून दाव्याची भरपाई कमी होत नाही, त्यामुळे हे लपवायचेही कारण नाही.

---

गावकुस

उद्या विधी सेवा कार्यालयात जात आहोत. शेवटचे एक: लोकअदालतीत मिटवा असे सगळीकडून सांगतात. आणि निकाल लागला तरी कंपनी अपील करून पैसे अडवते म्हणे.

---

काळाकोट

लोकअदालत वाईट नाही, घाईची लोकअदालत वाईट. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून उत्पन्नाचे कागद रेकॉर्डवर आल्याशिवाय बोलणीला बसू नका. कागद नसताना कंपनी मजुरीच्या आकड्यावरच बोलते. हिशेबवही यांच्या पद्धतीचे दोन आकडे, ठरावीक रकमा धरून ४३ लाख आणि २७ लाख, कागदावर लिहून सोबत न्या. हयगयीचा मुद्दा स्वच्छ असेल तर पहिल्या आकड्याच्या जवळ थोडे सोडायला हरकत नाही. रक्कम किती दिवसांत जमा करणार, न केल्यास व्याज किती, हे तडजोडीच्या मजकुरात आले पाहिजे.

अपिलाचे म्हणाल तर निकालापासून ९० दिवसांत उच्च न्यायालयात करता येते. कंपनीला ते दाखल करतानाच २५,००० किंवा निम्मी रक्कम, यांत जी कमी असेल ती भरावी लागते, आणि स्थगिती मागितली की उच्च न्यायालय सहसा मोठी रक्कम जमा करायला लावते. जमा झालेल्या रकमेतून काही भाग काढायला कुटुंबाने लगेच अर्ज करावा, अपील संपेपर्यंत थांबू नये. रक्कम कमी मिळाली असे वाटले तर याच ९० दिवसांत कुटुंबालाही वाढीसाठी अपील करता येते.

अपील नाही आणि पैसेही नाहीत, अशी वेळ आली तर: हुकुमानंतर ३० दिवसांत रक्कम भरायची असते. ती गेली की कलम १७४ खाली वसुली प्रमाणपत्र मागा, जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करतात. विमा कंपनीच्या बाबतीत तिथवर सहसा जावे लागत नाही. विमा नसलेल्या मालकाच्या बाबतीत जावे लागते, आणि तेव्हा त्याच्या मालमत्तेचे सातबारा उतारे तुम्हीच शोधून अर्जाला जोडावे लागतात.